दोन्ही टोकं धरून

आयुष्यात मी एकच तेरा खोडायला लावला. तोही पेन्सिलीचा, मऊ खोडरबराने, घरच्या टेबलावर, आणि निव्वळ शैक्षणिक हेतूने. त्याचे पडसाद शाळेच्या मैदानापर्यंत, मुख्याध्यापिकांच्या खोलीपर्यंत आणि तिथून पुढे एकतीस वर्षं मागे जातील, याची कल्पना असती तर त्या दुपारी मी झोपूनच राहिलो असतो. आमची ही आजही म्हणते, "तुम्ही झोपलेले असता तेव्हा घराचं काही वाईट होत नाही."

निवृत्त माणसाला घरात कोणत्याही जागेवर नेमता येतं. त्याला नेमणूकपत्र लागत नाही आणि त्याचा नकार कुणी नोंदवत नाही. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला, त्यामुळे नातीच्या शाब्दिक उदाहरणांचं खातं एका सोमवारी माझ्याकडे आलं. नात चौथीत. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती चालत नाही, फिरते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे सगळं तिला येत होतं. फक्त या चौघांना कुणी शब्दांचे कपडे घालून पुढे उभं केलं की तिला ओळख पटत नसे.

दोष तिचा नव्हता. शाब्दिक उदाहरणांतली माणसं मुळातच संशयास्पद वागतात. एक माणूस पंचेचाळीस कलिंगडं घेऊन घराबाहेर पडतो आणि वाटेत त्यांतली एक पंचमांश वाटून टाकतो. भिंगरी विचारायची, "आजोबा, हा पंचेचाळीस कलिंगडं कशात घालून नेतोय?" प्रश्न रास्त होता. पण उत्तरपत्रिकेत त्याला जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी कोंबड्या आणि ससे निघाले. एका खुराड्यात मिळून दहा डोकी आणि अठ्ठावीस पाय, तर कोंबड्या किती, ससे किती?

मी बाह्या सरसावल्या. "समजा, कोंबड्या क्ष."

"कोंबड्यांना क्ष का म्हणायचं?"

"त्या किती आहेत हे माहीत नाही म्हणून."

"मला माहीत नसलेल्या सगळ्यांना क्ष म्हणायचं?"

"गणितात म्हणायचं. बाहेर म्हणालीस तर लोक रागावतात."

"आजोबा, आम्हाला क्ष अजून नाहीये. बाई म्हणतात, तो मोठ्या वर्गात येतो."

इथे मला पहिला धक्का बसला. क्ष काढून घेतला की मी म्हणजे काठी काढून घेतलेला म्हातारा. अर्धा तास मी त्या खुराड्याभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. तोवर भिंगरीने दहा गोल काढले, प्रत्येकाला दोन-दोन पाय दिले, उरलेले आठ पाय दोन-दोन करत पुढच्या चौघांना लावले आणि म्हणाली, "चार ससे, सहा कोंबड्या." उदाहरण सुटलं होतं, पण योग्य मार्गाने सुटलं नव्हतं. आमच्या कार्यालयात याला अनियमितता म्हणत. मी तिला बजावलं, "गणित म्हणजे चित्रकला नव्हे." तिने सशांना कान काढले आणि वही मिटली.

त्यानंतर आली ती कागदाची पत्रिका. दहा उदाहरणं, घरून सोडवून आणायची. खाली छापलं होतं, 'घरातील मोठ्यांची मदत घेतल्यास हरकत नाही.' ज्याने कुणी हे वाक्य छापलं त्याने माझा विचार केलेला नसावा. दहापैकी किमान आठ बरोबर यायला हवी होती. ज्यांची आठ येणार नाहीत, त्यांना शनिवारी खेळाच्या तासाला जादा सराव वर्गात बसावं लागणार होतं. आणि त्याच शनिवारी खेळाच्या तासाला शाळेची रिले शर्यत होती. भिंगरी चौथ्या क्रमांकावर, म्हणजे शेवटची फेरी धावणार होती. महिनाभर ती घरात लाटणं घेऊन धावत होती आणि जो कुणी समोर येईल त्याच्या हातात ते कोंबत होती. मी दोनदा पेपर वाचता वाचता लाटणं घेतलं आहे.

नऊ उदाहरणं तिची तिने सोडवली. दोन चुकली, ती मी तपासताना मला बरोबर वाटली. दहावं असं होतं: 'एका सरळ रस्त्याची लांबी साठ मीटर आहे. त्याच्या एका कडेला दर पाच मीटरवर एक झाड लावायचे आहे. रस्त्याच्या सुरुवातीला व शेवटी झाड हवे. तर एकूण किती झाडे लागतील?'

तिने एक लांब रेघ मारून त्यावर झाडं काढली होती. प्रत्येक झाडाखाली आकडा, आणि शेवटच्या झाडावर घरटं. उत्तर लिहिलं होतं तेरा.

"तेरा कुठून आलं?"

"मोजली."

"मोजायची नसतात, भागायचं असतं. साठ भागिले पाच?"

"बारा. पण आजोबा, ही शेवटची..."

"शेवटची कोणती?"

"ही घरट्याची. टोकाची."

"भिंगरे, मी दिवाबत्ती विभागात चौतीस वर्षं काढली. दर इतक्या मीटरवर एक, असं हजार वेळा केलंय. तू मला शिकवणार?"

"पण त्यांनी खाली लिहिलंय की शेवटी पण..."

आता खरं सांगायला हरकत नाही. शेवटचं वाक्य मी वाचलंच नव्हतं. चौतीस वर्षांत कोणत्याच कागदाचं शेवटचं वाक्य मी वाचलं नाही. शेवटी नेहमी 'कळावे' एवढंच असतं, आणि जे कळायचं ते वरच कळलेलं असतं.

"खोड ते."

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोडलं. आधी तेरा, मग एकेक झाड. घरटं मात्र तिने सगळ्यात शेवटी खोडलं. मग सुबक अक्षरात बारा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवारी पत्रिका परत आली. दहापैकी सात. बाराभोवती लाल गोल. जादा सराव वर्गाच्या यादीत नाव.

मी ताडकन उठलो. "बाईंना सांगितलंस ना, आजोबांनी सांगितलेलं उत्तर आहे म्हणून?"

"नाही. माझं चुकलं म्हणाले."

"का?"

"तुमचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं. आणि तुम्ही तिथे भांडला असता."

हे ऐकून मला एवढं वाईट वाटलं की मी तडक शाळेत जाऊन भांडायचं ठरवलं.

पण पुराव्याशिवाय जाणं माझ्या स्वभावात नाही. आधी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटले, बोटं जुळवली आणि म्हणाले, "बारा. निःसंशय बारा." मग पाऊण तास त्यांनी झाड म्हणजे काय, रस्ता म्हणजे काय आणि शेवट ही कल्पना माणसाला का सुचली असावी यावर विवेचन केलं. त्यातलं मला फक्त 'बारा' समजलं, तेवढं मी त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घेतलं.

तळमजल्यावर शिंप्याचं दुकान आहे. तो मशीन चालवत होता. मान वर न करता म्हणाला, "तेरा."

"विचार तरी कर."

"काय विचार करायचा, काका? शर्टाला सात बटणं लावली की मधे सहा घरं पडतात. मी घरं मोजून बटणं लावली तर गिऱ्हाईकाचा गळा उघडा राहील."

"हा शिवणकामाचा प्रश्न नाही."

"नाही ना? मग राहू द्या गळा उघडा," म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. अशिक्षित माणसाचं मत म्हणून मी ते पुराव्यातून वगळलं.

आता मोजायला टेप हवी होती, आणि टेप इमारतीत एकाच माणसाकडे आहे. भांडारपालांकडे. त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय इथून पुढे जाता येत नाही, आणि खरं तर ती सांगायची म्हणूनच मी एवढं लिहितो आहे.

एकतीस वर्षांपूर्वी स्टेशनाकडून नदीकडे जाणारा एक किलोमीटरचा नवा रस्ता झाला. त्यावर दिवे बसवायचं काम माझं. दर वीस मीटरवर एक खांब. मी अंदाजपत्रक केलं, हजार भागिले वीस, पन्नास खांब. भांडारातून पन्नास खांब निघाले. उद्घाटनाच्या संध्याकाळी दिवे लागले आणि नगरपालिकेचे अध्यक्ष गाडीतून रस्ताभर गेले. नकाशात अगदी शेवटी, नदीच्या चौकात, खांब दाखवला होता. तिथे काळोख होता. अध्यक्ष त्या काळोखात उतरले आणि खड्ड्यात गेले. फार नाही, गुडघ्यापर्यंत.

मी तिथल्या तिथे म्हणालो, "एक खांब कमी आहे. कुठे गेला?"

खांब जिथून आले त्या भांडाराचे पाल म्हणजे हे गृहस्थ. तिघांची चौकशी समिती बसली. तिने कागद तपासले. आवक पन्नास, जावक पन्नास. रस्त्यावर जाऊन खांब मोजावेत असं कुणाच्याही मनात आलं नाही, कारण मोजणी हा वेगळा विभाग होता. दीड वर्षाने निष्कर्ष निघाला की भांडार आणि रस्ता यांच्या दरम्यान एक खांब 'अनुपलब्ध' झाला असून, कोणावरही ठपका ठेवता येत नाही व कोणालाही निर्दोष म्हणता येत नाही. भांडारपालांची बढती थांबली ती थांबलीच. आणि लोकांनी त्यांचं नाव ठेवलं, खांबकाका. लोक म्हणायचे, "खांब गिळला आणि ढेकरही दिला नाही." माणूस मुळात काटकुळा, म्हणून पुढे हेही म्हणायचे, "गिळला खरा, पण अंगी लागला नाही." मीही हसलो आहे. त्यांच्यासमोर नाही, पण हसलो आहे.

निवृत्तीनंतर योगायोगाने आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. जिन्यात भेटलो की ते "साहेब" म्हणतात आणि मी "काय भांडारपाल" म्हणतो. यापलीकडे आमच्यात एकतीस वर्षांत बोलणं नव्हतं. इमारतीतली पोरं त्यांना खांबआजोबा म्हणतात. नाव का पडलं हे पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, उंचीमुळे.

त्यांनी टेप काढून दिली. चामड्याच्या डबीतली, शंभर मीटरची, इतक्या वर्षांतही करकरीत.

"कशाला हवीय, साहेब?"

मी प्रकरण सांगितलं. साठ मीटर, पाच मीटर, बारा. ते बराच वेळ टेपच्या डबीवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती.

"मोजताना दोन्ही टोकं धरा," ते म्हणाले. "तुम्ही नेहमी एकच धरता."

मी म्हटलं, "दुसरं शिपाई धरेल." आणि निघालो.

बुधवारी शाळेत गेलो. कार्यालयातल्या लिपिकबाईंनी माझा अर्ज, त्यासोबतचा प्राध्यापकांचा अभिप्राय आणि पत्रिकेची प्रत यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तुम्ही पालक?"

"आजोबा."

"आजोबा आमच्या नमुन्यात नाहीत. आई, वडील, इतर."

"मग इतर लिहा."

"इतर असाल तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागेल."

"अहो, मी तिच्या आईचा वडील आहे!"

"म्हणूनच विचारते. तिच्या आईची संमती आहे का?"

चौतीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना असंच परत पाठवलं. या बाजूने ते इतकं सुबक दिसत नाही. मुलीला फोन केला, तिने मीटिंगमधून संमती पाठवली आणि खाली लिहिलं, 'बाबा, प्लीज घरी जा.' लिपिकबाईंनी फक्त संमती धरली.

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. बुटक्या, शांत बाई. त्यांनी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, हे मला खटकलं. शेजारी भिंगरीच्या वर्गशिक्षिका, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आजोबा, वाद कशाला घालायचा? मैदानावर साठ मीटरची रेघ मारलेलीच आहे. रिलेसाठी. चौथीचा वर्ग मोकळा आहे. मुलांनाच झाडं करू आणि मोजू."

हे मला मनापासून आवडलं. स्थळपाहणी! आमच्या समितीने कधी केली नव्हती.

मैदानावर अख्खा वर्ग आला. झाड व्हायला सगळ्यांचेच हात वर. मी बारा जण निवडले, कारण उत्तर बारा होतं. भिंगरीला घेतलं नाही, तिच्यावर पक्षपाताचा आरोप नको म्हणून. ती बाजूला, चुन्याच्या रेघेपाशी उभी राहिली. शिपायाने टेपचं टोक धरलं. सुरुवातीला एक मुलगा उभा केला. पाच मीटरवर एक मुलगी. दहावर एक. मी पुढे जात होतो आणि मागे झाडं वाढत होती. दोघांनी हात पसरून फांद्या केल्या होत्या. एकजण वाऱ्याचा आवाज काढत होता. पंचावन्न मीटरवर बारावं झाड उभं केलं आणि समाधानाने पुढे गेलो. साठाचा आकडा आला. चुन्याची रेघ संपली.

तिथे कुणीच नव्हतं.

मी मागे पाहिलं. पुढे पाहिलं. आणि मग माझ्या तोंडून खड्या आवाजात, साहेबी आवाजात, जसंच्या तसं निघालं:

"एक झाड कमी आहे. कुठे गेलं?"

वाऱ्याचा आवाज काढणारा मुलगा थांबला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी नाही हललेले, बाई!" कुणीतरी सर्वांत शेवटच्या मुलाकडे बोट दाखवलं, "हाच पुढे सरकला असेल." तो बिचारा म्हणाला, "मला यांनीच इथे उभं केलं." आणि माझ्या डोळ्यांसमोर नदीचा चौक आला, अंधार आला, खड्ड्यातले अध्यक्ष आले, आणि टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं तो काटकुळा माणूस आला. तो तेव्हा हेच म्हणत होता, "साहेब, मी पन्नास दिलेत. मोजून दिलेत."

 भिंगरी चुन्याच्या रेघेवरून चालत आली, साठाच्या आकड्यावर उभी राहिली आणि हात पसरले. मग काहीतरी आठवून एक हात डोक्यावर नेऊन तळव्याची वाटी केली. घरटं.

"तेरा," वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्यांनी हळूच म्हटलं, तरी मैदानभर ऐकू गेलं.

मी टेप गुंडाळली. तिचं दुसरं टोक अजून शिपायाच्या हातात होतं, त्यामुळे शिपाईही ओढला गेला.

खोलीत परत आल्यावर मी सगळं सांगितलं. तेरा तिचं, बारा माझं, खोडायला मी लावलं. वर्गशिक्षिकांनी पत्रिका खिडकीशी धरली. खोडरबराने शाई जात नाही आणि दाबून काढलेली पेन्सिलही पुरती जात नाही. उजेडात तेरा दिसला, रेघ दिसली, एकेक झाड दिसलं, शेवटी घरटंही दिसलं. मुख्याध्यापिकांनी ते बराच वेळ पाहिलं.

"गुण द्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आठ. पण एक अडचण आहे. जादा वर्गाची यादी वर गेली आहे. चौदा विद्यार्थी. आता एक कमी दाखवला तर खुलासा द्यावा लागेल की एक कुठे गेला."

'एक कुठे गेला' या शब्दांवर माझा स्वतःचा आता विश्वास उरला नव्हता. मी म्हणालो, "कुठे जायला नको. मी बसतो."

त्या हसल्या नाहीत. नोंदवहीत भिंगरीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'ऐवजी आजोबा.' म्हणजे शेवटी आजोबांना नमुन्यात जागा मिळाली.

संध्याकाळी टेप परत करायला खाली गेलो. भांडारपाल खुर्चीत बसून बूट पुसत होते. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. मैदान, झाडं, साठावरची रिकामी जागा. मग म्हणालो, "भांडारपाल, तो खांब चोरीला गेला नव्हता. मी मागवलाच नव्हता. एक्कावन्न हवे होते."

त्यांनी दुसरा बूट हातात घेतला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळी जाऊन मोजले. पन्नास उभे होते. मग हिशेब करत बसलो, तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

आता त्यांनी बूट खाली ठेवला. आत गेले आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. कार्बनची प्रत. मला उद्देशून लिहिलेला अर्ज. त्यावर तिरकस, रुबाबदार अक्षरात शेरा: 'पाहिले. १००० ÷ २० = ५०. अंदाजपत्रक बरोबर आहे. दप्तरी दाखल.' आणि सही. अक्षर माझं. सही माझी. रुबाबही माझाच.

"वाचा की," ते म्हणाले. "आता तरी खालपर्यंत वाचा."

मी खालपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्य होतं: 'रस्त्याला दोन टोके असतात व दोन्ही टोकांना खांब लागतो, ही बाब कृपया ध्यानात घ्यावी. कळावे.'

 मला माफी मागायची होती, पण मला मसुद्याशिवाय काही बोलता येत नाही. मी म्हणालो, "पुन्हा लिहायचं होतं. मोठ्या अक्षरात."

"लिहिलं असतं. पण तुम्ही त्यावरही समिती बसवली असतीत. पहिलीने बढती खाल्ली. दुसरीने नोकरी खाल्ली असती."

"तुम्ही एकतीस वर्षं मला 'साहेब' म्हणत राहिलात."

"जिन्यात भेटलं की काहीतरी म्हणावं लागतं."

मग त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या, "अहो, त्यांना बसायला तरी सांगा. एकतीस वर्षांनी आलेत." मी बसलो. चहा आला. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

शनिवारी मी जादा सराव वर्गात बसलो. चौदावा विद्यार्थी. बाक एवढा लहान की गुडघे हनुवटीला लागत होते. शेजारची मुलगी दयेने म्हणाली, "आजोबा, चित्र काढा, सोपं जातं." मी काढलं. खिडकीतून मैदान दिसत होतं, रिलेची पूर्ण लांबी दिसत होती, फक्त शेवटची रेघ दिसत नव्हती, कारण नेमका तिथेच खिडकीसमोर एक खांब होता. त्यामुळे भिंगरी धावताना दिसली, पोहोचताना दिसली नाही. नुसता आरडाओरडा ऐकू आला. दुसरी आली. पहिली आलेल्या मुलीकडे मी खुलासा मागितला नाही.

पुढच्या आठवड्यात मी इमारतीच्या सूचनाफलकावर एक जाहीर निवेदन लावलं: 'नदीकडील रस्त्यावरील खांब कधीही चोरीस गेला नव्हता. तो माझ्या भागाकारात राहिला होता. भांडारपालांचा याच्याशी काहीही संबंध नसून, त्यांनी ही बाब त्याच वेळी लेखी कळवली होती. ती मी वाचली नाही.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त. शिंपी ते वाचून म्हणाला, "काका, बटण लागलं." प्राध्यापकांनी आपला अभिप्राय परत मागितला.

दिवाबत्ती विभागालाही अर्ज केला की नदीच्या चौकात एक्कावन्नावा खांब बसवावा आणि भांडारपालांच्या सेवापुस्तकातला शेरा बदलावा. उत्तर महिन्याभरात आलं, यावरून विभाग सुधारला आहे. 'अभिलेखानुसार पन्नास खांब मंजूर होते व पन्नास खांब उभे आहेत. सबब कोणतीही त्रुटी आढळत नाही.' मी शेवटची ओळ वाचली. 'कळावे' होतं. शेरा बदलला नाही, खांबही आला नाही. मात्र इमारतीतल्या पोरांनी आपल्या पातळीवर निर्णय घेतला. आता ती खांबआजोबा मला म्हणतात. भांडारपालांना नुसतं आजोबा. जिन्यात पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा ते वळलेच नाहीत. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाला मारली.

आता ते मला "साहेब" म्हणत नाहीत. अजून काय म्हणायचं हे ठरलेलं नाही, म्हणून "अहो" म्हणतात.

परवा संध्याकाळी ते आमच्याकडे बसले होते. भिंगरी वही घेऊन आली. बाईंनी प्रत्येकाला स्वतःचं एक शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगितलं होतं. तिने उभं राहून वाचलं:

"एका रस्त्यावर आजोबांनी एक खांब कमी लावला. त्या वर्षी ते सदतीस वर्षांचे होते. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. तर दुसऱ्या आजोबांनी किती वर्षे चोर म्हणवून घेतले?"

 आमची ही आतून येऊन दारात थांबली.

मी पेन्सिल हातात घेतली. चित्र काढलं नाही, मनातल्या मनात वजाबाकी केली. "एकतीस," मी म्हणालो.

भांडारपालांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, वहीच्या कडेला पहिलं वर्ष लिहिलं, यंदाचं वर्ष लिहिलं, मधली सगळी वर्षं एकेक करून मांडली आणि बोट ठेवून मोजली. सावकाश, एकही न गाळता.

"बत्तीस," ते म्हणाले. "दोन्ही टोकं धरून."